खिळ्यावरचा नान

१४ एप्रिल १९८०, सोमवार

आज घरी आलेलं सामान:
तांदूळ वीस किलो, चाळीस रूबल. (तांदूळवाल्याने एक कोपेक सोडला नाही.)
पिवळी गाजरं पंधरा किलो, साडेचार रूबल.
मटण चार किलो, अठरा रूबल. त्यात हाडंच जास्त.
हे सगळं टीव्हीवाल्यांच्या पैशाने.
टीव्हीवाल्यांचं स्वतःचं: मोठे दिवे सहा, वायरींची भेंडोळी चार, कॅमेरा एक, कपाट एक (आमचं त्यांना 'फार जुनं' वाटलं), माणसं चौदा. त्याची आम्हाला पडलेली किंमत: द्राक्षवेलीची एक फांदी, ओसरीची एक फरशी आणि आमच्या कोंबडीचं अंडी घालणं.

ताश्कंदचं टीव्ही केंद्र आपल्या मार्गिलानच्या रेशीम कारखान्यातल्या माणसांवर चार भागांची मालिका काढतं आहे. कारखाना थोडाच दिसणार. ही माणसं घरी कशी राहतात, कशी भांडतात, लेकीसुनांशी कशी बोलतात, ते दाखवायचं आहे. कारखान्याच्या कमिटीने आमचं अंगण सुचवलं. आमच्या ह्यांनी तिथे एकतीस वर्षं मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरचं काम केलं, सून ओयदिन आज तिथेच मागावर आहे. मी मात्र कारखान्याची पायरी चढलेली नाही. दहावी पास झाले आणि घर चालवलं. तेही एक खातंच आहे, त्याला सुट्टी नाही एवढंच.

भाडं रोजचं पाच रूबल. चौदा माणसांचं जेवण माझ्याकडे, त्याचे वेगळे. मी हो म्हटलं. मुलगा तोलकिन पलटणीतून परत आला की त्याची खोली वाढवायची आहे.

एकच अडचण, ती म्हणजे खिळा. बैठकीच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर तोलकिनचा नान टांगलेला आहे. नोव्हेंबरात निघताना त्याने दारात उभं राहून त्याचा एक घास घेतला, बाकीचा मी लगेच खिळ्याला लावला. परत येऊन उरलेला त्यानेच खायचा, मध्ये कुणी हात लावायचा नाही. त्याच्या आजोबांचा नान असाच चार वर्षं टांगून होता आणि ते जर्मनांशी लढून परत आले. तोलकिनच्या चावल्याची खूणही वेगळीच आहे. लहानपणी तुतीवरून पडून पुढच्या दाताचा कोपरा गेला, त्यामुळे घास घेतला की मध्ये एक छोटी जीभ राहते.

चौदा परक्या माणसांची नजर त्याच्यावर पडायला नको. म्हणून ठरवलं आहे, पहाटेच्या नमाजानंतर नान उतरवून पांढऱ्या फडक्यात, पिठाच्या पेटीत. संध्याकाळी मंडळी गेली की परत खिळ्यावर. कुराणशरीफही त्याच पेटीत ठेवलं आहे. सरकारी माणसं आहेत.

१६ एप्रिल

पहिल्या दिवसाचं काम पाहिलं आणि गप्प बसवेना. ताश्कंदची नटी झमिरा विणकरीण झाली आहे. नाजूक पोरगी. पाळी संपवून घरी येते आणि सासूला कानात सांगितल्यासारखं म्हणते, "मी आले हं."

मी चुलीपाशी होते. हसले ते सगळ्यांना ऐकू गेलं. दिग्दर्शक मिरवाली-आकांनी काम थांबवलं.

"काय चुकलं, रिसोलात-ओपा?"

"काही नाही हो. फक्त ही विणकरीण नाही."

"का?"

"आठ तास दीडशे मागांच्या खडखडाटात उभी राहून आलेली बाई कुजबुजत नाही. माझी सून घरी येऊन 'ओयी, मीठ द्या' म्हणते तेव्हा पलीकडच्या गल्लीतली साबोहात मीठ घेऊन येते."

सगळे हसले. आमचे हे कोपऱ्यात बसले होते. एकतीस वर्षांत त्यांचे कान निम्मे गेलेत, पण ओठ वाचतात. म्हणाले, "खरं आहे. आमच्या खात्यात गुपित असं नसतंच. सांगायचं तर ओरडून, नाहीतर तोंड हलवून. आणि तोंड हलवलं तरी चाळीसजणींना कळतं."

झमिराने पुन्हा केलं. या वेळी अशी ओरडली की कोंबडी भिंतीवर चढली. मिरवाली-आका म्हणाले, "ओपा, तुम्ही रोज इथेच बसा." मी म्हटलं, "मी माझ्या घरातच बसते आहे. बसायला तुम्ही आलात."

२१ एप्रिल

मिरवाली-आकांना अंगणातलं विजेचं मीटर नको होतं. त्यांच्या माणसाने कालव्यावरून तुतीची भलीमोठी फांदी तोडून आणली, मीटरसमोर जमिनीत खुपसली, बुडाशी माती थापली, वर झारीने पाणी. झालं झाड! दुपारपर्यंत पानं अशी खाली लोंबली जशी लग्नघरातून उपाशी परतलेली माणसं. उद्या नवी फांदी आणणार म्हणे.

मी म्हटलं, "मुळं नसलेलं झाड कितीही शिंपडा, काय उपयोग?"

माणूस म्हणाला, "ओपा, कॅमेऱ्याला मुळं दिसत नाहीत."

तोलकिनचं पत्र आलं. पत्त्यात गाव नसतं, नुसता पलटणीच्या टपालाचा आकडा. लिहितो, बरा आहे, जेवण पोटभर आहे, डाळिंबं आपल्यासारखीच आहेत. माझ्या आईकडून त्याला ताजिक बोली आली होती, तिथल्या अफगाण लोकांची भाषा तिच्या जवळची, म्हणून साहेबांनी त्याला दुभाषा केलं आहे. समरकंदच्या म्हातारीची भाषा अशी कामाला आली! बसून बोलण्याचं काम. अल्लाची मेहेरबानी.

रात्रीच्या बातम्यांत आपली पोरं दाखवली, अफगाण शेजाऱ्यांना पिठाची पोती वाटताहेत, शाळेपुढे झाडं लावताहेत. तोलकिन दिसतो का म्हणून मी अगदी काचेला नाक लावते. ओयदिन मात्र पाहत नाही. बातम्या लागल्या की हिला नेमकं दूध उतू जातंय असं वाटतं.

२९ एप्रिल

आज ओयदिनने ताश्कंदवाल्यांना धडा दिला. मालिकेत विणकरणीचा नवरा दूर रेल्वेच्या बांधकामावर गेलेला आहे. त्याचं पत्र येतं. झमिराने पाकीट फाडलं, उभ्याउभ्या वाचलं आणि गोड हसली.

ओयदिन दुसऱ्या पाळीला निघाली होती, डोक्याला रुमाल बांधत. दारातूनच म्हणाली, "असं नाही वाचत."

मिरवाली-आका म्हणाले, "मग कसं, सूनबाई?"

"आधी बसायचं. उंबऱ्यावर. पाकीट फाडायच्या आधी उलटसुलट करून शिक्का पाहायचा. मग आतली तारीख. तारखेपासून आजपर्यंत किती दिवस झाले ते मोजायचं. मग वाचायचं. वाचून झालं तरी हसायचं नाही."

"का नाही?"

"कारण ते पत्र त्या दिवसाचं असतं. आजचं नसतं."

झमिराने तसंच केलं आणि केस विंचरणारी बाईसुद्धा डोळे पुसायला लागली. मला अभिमान वाटला. आमच्या घराचा हिशेबीपणा सुनेत बरोबर उतरला आहे, पत्र वाचतानासुद्धा दिवस मोजते!

तिच्या कामाच्या झग्याच्या खिशात हल्ली कागद कुरकुरतात. विचारलं तर म्हणाली, मालिकेतले संवाद आहेत. बहुतेक तिलाही पडद्यावर यायचं आहे आणि सांगायला लाजते. मी तरी नाही म्हणणार नाही.

६ मे

मालिकेतल्या नवऱ्याचं काम करणारा इल्होम आला. चोवीस-पंचवीसचा, उंच, खांदे आमच्या तोलकिनसारखेच. माझ्या ह्यांची जुनी टोपी घालून अंगणात उभा राहिला तेव्हा माझ्या हातातली पळी राहिली हातातच.

बिचाऱ्याचं पोट बरं नाही. जेवायला बसला की दोन घासांत ताट सरकवतो. झमिरा त्याला चिडवत होती, "आमच्या इल्होमचं पोट कसं आहे माहीत आहे ना, ओपा? जूनमध्ये दुखायचं म्हणून आत्तापासून तालीम करतंय."

नंतर कळलं, जूनमध्ये कलाकारांचं एक पथक सीमेपलीकडे आपल्या पलटणींना गाणी-नकला दाखवायला जाणार आहे. यादीत इल्होमचं नाव आहे. पोटामुळे जाता येणार नाही म्हणून तो डॉक्टरचा दाखला मिळवतो आहे. एवढी मानाची संधी आणि पोटापायी हुकायची! मी त्याला वाळवलेली डाळिंबाची सालं उकळून दिली, दिवसातून तीनदा. कडूजहर असतं, पण गुण हमखास.

"प्यायलास का?"

"प्यायलो, ओपा."

"मग तोंड असं का?"

"प्यायलो म्हणून."

१३ मे

उद्या माझे हात टीव्हीवर. झमिराला कणीक मळता येत नाही, नखंच एवढी मोठी. मिरवाली-आका म्हणाले, जवळून फक्त हात दाखवायचे आहेत आणि असे हात ताश्कंदमध्ये मिळत नाहीत. हे म्हणाले, "एकतीस वर्षं मी तेच म्हणतोय, पण माझ्याकडे कॅमेरा नव्हता." म्हातारपणी तोंड उघडलंय यांचं.

नवा रेशमी झगा इस्त्री करून ठेवला. बाही दिसेल ना.

१४ मे

कसं लिहू. लिहिलंच पाहिजे.

पहाटे उठले, नमाज झाला. मग हातांना तेल, केसांना तेल, नवा झगा, साबोहातला दाखवून आले, परत येऊन बाही नीट केली. सहा वाजताच मंडळी आली आणि मी मळायला बसले. खिळ्यावरचा नान उतरवायचा राहिला. महिनाभर एक दिवस चुकले नव्हते. हात दाखवायच्या नादात चुकले.

माझे हात झाले. सगळ्यांनी वाहवा केली. मी स्वयंपाकघरात पुलावाच्या कढईपाशी गेले आणि बैठकीत पुढचं काम सुरू झालं. मालिकेतला मुलगा परत येतो, आई भिंतीवरचा नान उतरवते, चहात भिजवून त्याला देते, तो खातो. त्यासाठी त्यांच्या सामानवाल्याने कालचा एक नान चावून तयार ठेवला होता. पण त्याने पाहिलं तर खिळ्यावर आधीच एक नान! कडक, धुराने काळसर, बरोबर चावलेला. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी लावला. मिरवाली-आका म्हणे खूश झाले, "असा खरा कुठून पैदा केलात?" आणि तो मेला गप्प राहिला.

इल्होमने अर्धा नान खाल्ला. एका दमात, दुसऱ्यांदा करावंच लागलं नाही. सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून मी हात पुसत आले. बशीत उरलेला अर्धा होता. त्याच्या कडेला ती छोटी जीभ होती.

मी काय बोलले ते आठवत नाही. ओयदिन सांगते, मी फक्त नान उचलला आणि झग्याच्या घोळात धरला. ती मात्र किंचाळली. तिचं ते विणकरणीचं किंचाळणं साऱ्या गल्लीने ऐकलं.

इल्होम आपलाच पोरगा, त्याच्याही आईच्या भिंतीवर खिळा असेलच. खिळ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं आणि त्याचं तोंड पिठासारखं झालं. "हा खरा होता? ओपा, हा कुणाचा होता?"

"माझ्या नवऱ्याचा," ओयदिन म्हणाली.

चूक माझी. सामानवाल्याची नाही, पोराची नाही. त्या झग्याची आणि माझी.

१५ मे

ओतिन-बुवींकडे गेले. गल्लीतल्या सगळ्या बायकांना त्यांनीच दारं लावून कलमा शिकवला. नव्वदीच्या आहेत. सगळं ऐकून आधी विचारलं, "नवा झगा कोणत्या रंगाचा?"

"हिरवा, बुवी."

"छान असेल." मग बराच वेळ माळ ओढत बसल्या. "रिसोलात, नानात जीव नसतो. जीव ज्याच्या हातात आहे त्याला खिळा लागत नाही. पण ती तुमची सगळ्यांची बसायची जागा होती, ती मोडली. खाल्लं ते गेलं. उरलं ते तुझ्या मुलाचं आहे. मोडलं ज्याने, पोचवावं त्याने."

"पोचवावं? नानाने तर घरी थांबायचं असतं."

"सहा महिने थांबला ना? आता चालू दे."

इतकं सोपं होतं आणि मला सुचलं नाही. परतताना पायांत बळ आलं.

१६ मे, शुक्रवार

उरलेला अर्धा नान पांढऱ्या फडक्यात बांधून इल्होमपुढे ठेवला.

"तू जूनमध्ये पलीकडे जाणार आहेस. माझ्या मुलाच्या पलटणीचा आकडा या चिठ्ठीवर आहे. त्याला शोध, त्याच्यासमोर बस आणि हा त्याच्याकडून संपवून घे."

"ओपा, माझं पोट... दाखला मिळालाय डॉक्टरचा."

"पोटाचं माझ्यावर सोड. डाळिंबाची सालं दुप्पट करू. आठ दिवसांची तर सहल आहे. गाणी म्हणायची, जेवायचं, परत यायचं. आमचा पोरगा तिथे सहा महिने आहे, त्याचं कधी पोट दुखलं नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग ओयदिनकडे. ओयदिनने मान खाली घातली होती, पण तिचे ओठ हलले. कारखान्यात बोलतात तसे, आवाजाशिवाय. मला ओठ वाचता येत नाहीत. आमच्या ह्यांना येतात. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

रात्री विचारलं, "काय म्हणाली ती त्याला?"

"मला दिसलं नाही," म्हणाले.

इल्होमने फडकं उचललं. "बघतो," म्हणाला. म्हणजे हो.

२४ मे

जेवणं झाली होती. आम्ही तिघं होतो. बातम्या लागल्या, मी नेहमीप्रमाणे पुढे सरकले.

पुन्हा आपली पोरं. उन्हात ओळीने उभी, प्रत्येकाच्या हातात एक रोप, एक अफगाण म्हातारा टाळ्या वाजवतो. एकाने रोप खड्ड्यात उभं केलं, बुडाशी माती थापली, झारीने पाणी घातलं. कॅमेरा जवळ गेला.

पानं खाली लोंबत होती.

तसली पानं मी गेला महिनाभर रोज पाहते आहे. दुपारपर्यंत तशीच होतात. सकाळी तोडून आणलेल्या फांदीची पानं.

"याला मुळं नाहीत," मी म्हटलं.

टीव्हीतला माणूस मैत्रीबद्दल बोलत होता. मी म्हटलं, "ही फांदी आहे. जमिनीत नुसती खुपसली आहे. असल्या चित्रात मीटर झाकतात. इथे ते काय झाकताहेत?"

ओयदिनच्या हातातली किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ओयी, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"आत्तापासून."

ती तिच्या खोलीत गेली आणि रेशमाच्या रिकाम्या कांड्यांचा डबा घेऊन आली. आत सात पत्रं होती, कारखान्याच्या पत्त्यावर आलेली. ह्यांना माहीत होतं, कारखान्यात सगळ्यांनाच माहीत होतं. मलाच तेवढं आईसाठीचं पत्र वेगळं यायचं, डाळिंबांचं.

मी ती वाचली नाहीत. नवराबायकोची पत्रं आहेत. फक्त तारखा पाहिल्या. शेवटची तीन मे. आज चोवीस. एकवीस दिवस.

मी एकच विचारलं, "दुभाष्याचं काम बसून बोलण्याचंच असतं ना?"

ओयदिन पहिल्यांदाच हळू बोलली. "दुभाषा सगळ्यात पुढच्या गाडीत बसतो, ओयी."

२५ मे

त्या दिवशी तिने इल्होमला आवाजाशिवाय काय म्हटलं तेही आज सांगितलं. म्हणाली होती, "जा."

आणि मी! त्या पोराला डाळिंबाची सालं पाजत होते. त्याचं पोट कशाने दुखत होतं ते सगळ्या अंगणाला कळत होतं, दहावी पास बाई सोडून. दुसऱ्याच्या लेकराला हुकूम केला, जा म्हणून, जसा शेजारून कोथिंबीर आणायला पाठवावा. त्याचीही आई ताश्कंदला बसली असेल.

आपल्या नानासाठी दुसऱ्या आईचा खिळा भरायचा नाही. एवढा न्याय मला कळतो.

२६ मे, सोमवार

कामाचा शेवटचा दिवस होता. इल्होम ओसरीवर एकटा बसला होता, ह्यांचीच टोपी घालून. मी समोर बसले.

"इल्होम बेटा, नान परत दे."

"का, ओपा?"

"तुझ्या पोटाचं मला आता कळलं. दाखला जवळ आहे ना? तो वापर. माझं काही म्हणणं नाही. तुझ्या आईला माझा सलाम सांग."

तो हसायला लागला. पहिल्यांदाच नीट हसला. "दाखला त्याच शुक्रवारी तुमच्या चुलीत घातला. त्या दिवशी पुलाव खाली लागला होता, आठवतं? तो त्यामुळेच."

"थट्टा नको. तिथे झाडं नुसती खुपसलेली आहेत."

"माहीत आहे. आमच्याच केंद्राची माणसं चित्रं काढायला जातात." मग टोपी काढून हातात फिरवत बसला. "ओपा, मला भीती वाटते. अजूनही वाटते. पण त्याच्या अंगणात मी वीस दिवस जेवलो, त्याच्या बापाची टोपी घातली, आणि तो घरी येण्याच्या आधी मीच घरी आल्याचं नाटक केलं. त्याचा घास खाऊन. आता ताश्कंदला बसून मला अन्न गोड लागायचं नाही. आठच दिवस आहेत. तो तर दोन वर्षांसाठी आहे."

"तुझ्या आईने काय म्हटलं?"

"परवा एक नान भाजणार आहे. म्हणाली, घास मोठा घे."

मी म्हटलं, "सालं बांधून देते बरोबर."

"ओयी," तो म्हणाला, ताईचं ओपा नाही, आईचं ओयी म्हणाला, "तेवढं सोडून काहीही द्या."

२८ मे

मंडळी गेली. अंगण झाडलं. फरशी त्यांनी बसवून दिली, वाकडी. मीटरसमोरची फांदी उपटली. आणि इथे एक नवल लिहून ठेवते, शेवटच्या फांदीला बुडाशी पांढरे कोंब फुटले होते, बोटाच्या पेरापेक्षा लहान. तुती चिवट जात. मी तिला भिंतीकडेला नीट खड्डा करून लावली. कॅमेरा नसताना.

कोंबडीने आज अंडं घातलं.

३० मे

इल्होम ताश्कंदला आईला भेटून परत आला आहे, उद्या इथूनच सीमेकडे निघतो. त्याच्याबरोबर द्यायच्या पत्राची ही नक्कल, माझ्या सवयीने उतरवून ठेवते.

"चिरंजीव तोलकिनला आईचे आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. तुझे वडील बोलायला लागले आहेत, आता थांबवणं कठीण. ओयदिनची पाळी बदलली, तब्येत चांगली आहे. ती माझ्या लेकीच्या जागी आहे आणि आम्हा दोघींत आता काही लपलेलं नाही, त्याची तू काळजी करू नकोस. माझे हात टीव्हीवर येणार आहेत, तू आल्यावर दाखवीन.

हे पत्र आणणारा इल्होम आपलाच समज. त्याच्याकडे पांढऱ्या फडक्यात तुझा नान आहे. निम्माच आहे, कारण माझ्या चुकीने निम्मा त्याच्या पोटात गेला. घरी येऊनच खायचा असा नियम आहे. तो मी मोडते आहे, त्याचा जाब मी देईन. चहात भिजव, बिस्मिल्ला म्हण आणि कण न ठेवता संपव.

निळ्या फडक्यात दुसरा नान आहे. तो आज पहाटे ओयदिनने मळला, मी भाजला. त्याला फक्त एक घास घे. मोठा घे. उरलेला इल्होमच्या हाती परत दे. मी खिळ्याला लावीन. खूण मी ओळखते, दुसऱ्याने चावलेला मला चालणार नाही.

आणखी एक. गाडीतून जाताना पुढे बसत जाऊ नकोस. तरण्या पोरांना पुढे बसायची हौस असते, पण वाऱ्याने कान धरतात, तुला लहानपणापासून ती खोड आहे. साहेबांना सांग, आईने सांगितलं आहे.

खिळा आज रिकामा आहे. पत्रावर तारीख मोठ्या अक्षरात घाल, ओयदिनला ती आधी लागते. आणि नान येईल तेव्हा येईल, पण तू हे सगळं मिळाल्याचं उलट टपाली कळव."